पांढरी तीनमध्ये उतरवलेलं गाणं

त्या गाण्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही पुढचं वाचायचं सोडून ते गुणगुणायला लागाल, आणि मला ते ऐकवत नाही. एवढंच सांगतो की आमच्या आईवडिलांच्या तरुणपणी ते रेडिओवर लागायचं, सिनेमातलं नव्हतं, तरी लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ होतं. उडतं, हसरं गाणं. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय आणि त्याला त्या वाट बघण्याचीही मौज वाटतेय, असा सगळा मामला. दोन कडव्यांच्या मधे शिट्टीवर वाजवलेला एक तुकडा होता. आमच्या दादांनी तो क्लॅरनेटवर बसवला होता, आणि बेलापूर-श्रीरामपूरच्या पट्ट्यात त्या तुकड्याशिवाय वरात मांडवात शिरत नसे. दादा म्हणजे माझे वडील, ब्रास बँडचे मास्तर. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी, पायात मात्र साध्या चपला, कारण बुटांचे पैसे ते पोरांच्या वह्यांना घालायचे. त्या चपलांवरून मी शाळेत फार चिडवून घेतलंय, आणि घरी येऊन त्यांच्याशी अबोला धरलाय. मूर्ख होतो, दुसरं काय.

आमचं घर बेलापुरात बाजाराच्या मागल्या अंगाला, दोन खोल्या आणि वर पत्रे. सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी. एक आईच्या भाकरी थापण्याचा, आणि दुसरा दादांच्या एका लांबलचक सुराचा. अंगणात उकिडवे बसून ते एकच सूर धरायचे. दम सुटला की पुन्हा तोच. क्लॅरनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती रात्रभर बशीत पाण्यात भिजत घातलेली असे, आणि त्या बशीत कुणी चहा ओतला तर घरात दिवसभर कुणाची धडगत नसे. आई बाजरीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकायची, ती फुगली की तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार. मला ती भाकरी हातात मिळायच्या आधी परीक्षा द्यावी लागे. दादा पातेल्यावर उलथनं आपटायचे आणि विचारायचे, कोनचा सूर? चुकलो तर हसायचे नाहीत, रागवायचे नाहीत, नुसतं पुन्हा आपटायचे. आई म्हणायची, पोराला कान येईल तवा येईल, माज्या घरात एक पातेलं धड ऱ्हाणार न्हाई. साखर कारखान्याचा भोंगा झाला की त्याचाही सूर पेटीच्या पट्टीत सांगावा लागे. दादांना पक्की खात्री होती की भोंगा काळी दोनच्या अंमळ खाली वाजतो, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं.

त्यांचा दुसरा हट्ट शिस्तीचा. वरात कधी अडते, कुठे नाचणारे रंगात येतात, कुठे नवरदेवाचा मामा रुसून बसतो, याचा नेम नसतो. म्हणून वरातीत गाणं संपत नाही. शेवटचा तुकडा फेरी धरून वाजत राहतो, आणि मास्तराने उजवा हात वर केला की सगळे एका ठोक्यावर थांबतात. वरच्या सुरांना क्लॅरनेटवर डावा हात पुरतो, उजवा तेवढ्यापुरता मोकळा करता येतो. तो हात वर गेल्याशिवाय दादांच्या बँडमध्ये कुणी थांबत नसे. एकदा ढोलवाल्याला विंचू चावला तरी गडी वाजवत राहिला, असं ते अभिमानाने सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

मी विशीत आलो त्या सुमाराला एका वरातीत त्यांच्या नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि सांगितलं की फुंकणं बंद. एक दिवस डोक्यातली शीर जाईल. आईने घरी येऊन क्लॅरनेट धोतरात गुंडाळली आणि धान्याच्या कोठीत, बाजरीच्या खाली, कोपरभर आत पुरली. दादा बँडबरोबर जायचे, पण नुसते पुढे चालायचे, हात वर करायचे, हात खाली करायचे. क्लॅरनेट दुसराच एक जण वाजवायचा आणि तो तुकडा रोज नासवायचा. मी तेव्हा त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

माझं चित्त तेव्हा वेगळ्याच गोष्टीत होतं. आम्ही तिघांनी रॉक बँड काढला होता. बेलापुरात रॉक बँड! आज हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं यापेक्षा त्यांना याचं जास्त नवल वाटतं. विल्सन गिटार वाजवायचा आणि गायचा. तो हरेगावकडचा, चर्चमध्ये गिटार शिकलेला, आवाज जाड आणि खालचा. सलीम ड्रमवर. तो दहाव्या वर्षापासून दादांच्या बँडमध्ये ताशा वाजवत आलेला, दादांच्याच हाताखाली वाढलेला. मी की-बोर्डवर, आणि गाणी बसवायचं काम माझं. तालमीला सलीमच्या चुलत्याने त्याची रिकामी कांद्याची चाळ दिली होती. चाळीतला कांदा विकून गेला तरी वास जात नाही. आम्ही रॉक वाजवून घरी गेलो की आई विचारायची, कांदं निवडाय गेल्तास काय?

राहात्याला बाजारतळावर वाद्यवृंदांची स्पर्धा जाहीर झाली. पुण्याच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस परीक्षक म्हणून येणार होता आणि त्याला जे आवडतील त्यांची कॅसेट निघणार होती. अट अशी की एक गाणं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं हवं, पण नव्या तऱ्हेने बसवलेलं. मी दुसरा विचारच केला नाही. दादांचं गाणं.

आता ते कसं बसवलं ते सांगतो, कारण माझ्या आयुष्यात मी डोकं लावून केलेलं ते एकच काम आहे. मूळचा ठेका सहा मात्रांचा, झुलणारा. मी तो मोडून चार मात्रांचा केला आणि लय निम्म्यावर आणली. झटक्यात गाण्यातलं हसू गेलं. तेच शब्द, पण आता ज्याची वाट बघतोय तो येणारच नाही असं वाटायला लागलं. विल्सन पहिल्यांदा ते गायला तेव्हा सलीमने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, आयला, हे तर मयताचं झालं. मला फार आनंद झाला. दुसरं कडवं काढून टाकलं. शिट्टीचा तुकडा मधून उचलला आणि पार शेवटाला नेला: गाणं संपतं, गिटारची सगळ्यात जाड तार नुसती घुमत राहते, आणि तिच्यावर तो तुकडा फेऱ्या घेत वर वर चढतो, दर फेरीच्या शेवटी तेवढा चार सूर खाली उतरतो. ती तार मोकळी वाजवली की पांढरी तीनचा सूर निघतो. म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी. दादा तो तुकडा जन्मभर काळी पाचमध्ये वाजवत आलेले. त्यांच्या क्लॅरनेटला ती पट्टी सोपी, हवा कमी लागते. पांढरी तीनमध्ये तोच तुकडा वाजवायचा तर बोटं वाकडी पडतात आणि जवळजवळ सगळं वरच्या सप्तकात जातं. तिथे छातीचा भाता करून फुंकावं लागतं. हे मला माहीत होतं. पण पट्टी बदलली तर ती तार घुमणार नव्हती, आणि मला ती घुमायला हवी होती.

तुकडा आधी मी की-बोर्डवर वाजवून पाहिला. खेळण्यातल्यासारखा वाजला. विल्सनने गिटारवर वाजवला, तोही फिका. शेवटी एका दुपारी मी दादांना चाळीत घेऊन गेलो, नुसतं ऐकायला म्हणून. त्यांनी पूर्ण ऐकलं. गाण्याची मोडतोड केली म्हणून चिडतील असं वाटलं होतं. ते घरी आले, आणि आई नळावर गेलेली असताना कोठीत कोपरापर्यंत हात घालून क्लॅरनेट बाहेर काढली. भोकांमध्ये अडकलेले बाजरीचे दाणे त्यांनी काडीने एक-एक टोकरून काढले. मी बघत उभा होतो, आणि अडवलं नाही.

आईला कळायचं ते कळलंच. ती भांडली नाही. तिने मला मागल्या दारी बोलावलं आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"एकच फेरी," ती म्हणाली. "एक डाव वाजवतील आन थांबतील. तू थांबवायचं. माजी शप्पत हाय तुला."

मी व्हय म्हणालो. म्हणताना मनापासून म्हणालो होतो, हे मी आजही स्वतःला सांगत असतो.

तालमीत मात्र शेवटावरून विल्सनचं नि माझं वाजलं. त्याचं म्हणणं, चार फेऱ्या मोजायच्या आणि कापायचं. मोजलेलं बरं, म्हाताऱ्या माणसाला अंदाज राहतो. माझं म्हणणं, मोजलेला शेवट मेलेला असतो. वरातीसारखा मोकळा ठेवू. दादांनी हात वर केला की थांबायचं. आईला एकच फेरी कबूल केलीय, हे मी विसरूनच गेलो होतो. दादांना विचारलं तर ते खूश झाले. म्हणाले, बँड हाय तर हातावरच थांबाय पाहिजे, घड्याळावर थांबायला काय शाळा हाय? आईने आणखी एक अट घातली होती, म्हणून ते खुर्चीवर बसून वाजवणार होते, लोकांकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. सलीमला त्यांची पाठ दिसे, आणि उजवा हात वर गेला तरच. विल्सन वाजवताना डोळे मिटून घ्यायचा. मी कडेला, म्हणून आमच्यात त्यांचा चेहरा फक्त मला दिसायचा. ठरलं असं, की काही अडचण आली तर मी सलीमला मान हलवून खूण करायची. स्पर्धेच्या दोन दिवस आधी तालमीत त्यांचं नाक पुन्हा फुटलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं, रुमाल चाळीत उरलेल्या वाळक्या पातीत खुपसला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. आईला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही, आणि ते आमच्यात बोलूनही ठरवावं लागलं नाही.

स्पर्धा दुपारी चारला ठेवली होती, कारण रात्री लाईटीचा भरवसा नव्हता. आम्ही टेम्पोत सामानावर बसून गेलो. ऊन असलं होतं की ड्रमच्या पत्र्याला हात लावला की चटका बसे. दादांनी लाल कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. मी म्हणालो, दादा, नुसत्या शर्टावर वाजवा, आपला रॉक बँड आहे. ते म्हणाले, तुमचा असंल. वाटेत त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं की समोरून येणारी गाडी एक आहे का दोन. मला वाटलं चेष्टा करतायत. आई आली नव्हती. तिने येते म्हटलं असतं तर मी काही ना काही कारण काढून टाळलं असतं, हेही लिहून ठेवतो.

बाजारतळ भरला होता. आमच्या आधीच्या दोन पार्ट्यांनी नेहमीचं वाजवलं आणि लोक नेहमीसारखे नाचले. आम्ही सुरू केलं आणि नाच थांबला. पहिल्या ओळीला गाणं ओळखून लोक हसले, दुसऱ्या ओळीला हसू विरलं. बायका पदर तोंडाला लावून ऐकायला लागल्या. पुण्याचा तो माणूस खुर्चीवर मागे रेलून बसला होता, तो पुढे सरकला. मला ते सगळं दिसत होतं. मी दादांकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत होतो.

गाणं संपलं, तार घुमायला लागली आणि दादांनी क्लॅरनेट तोंडाला लावली. पहिली फेरी त्यांनी वाजवली ती मला अजून ऐकू येते. पांढरी तीन, वरचं सप्तक, आणि एक सूर डगमगला नाही. फेरी संपली. आईचा शब्द तिथे पाळायचा होता. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, हात वर गेला नाही, मी मान हलवली नाही. दुसरी फेरी. लोक उभे राहिले. तिसऱ्या फेरीत तुकड्याच्या शेवटी जे चार खालचे सूर आहेत ते आलेच नाहीत. दादा वरच अडकून राहिले. वरून सुरुवात, वर शेवट, खाली उतरणंच नाही. लोकांना ती करामत वाटली, टाळ्या पडल्या. पण मला कळलं. खालचे सूर उजव्या हाताचे असतात. मला लहानपणापासून पातेल्यावर शिकवलेला माणूस समोर बसला होता आणि त्याचा उजवा हात चालत नव्हता, हे मला डोळ्यांच्या आधी कानाने कळलं. मग मी बघितलं. हात मांडीवर पडला होता. खांदा हलत होता. ते खांद्यापासून हात वर उचलायचा प्रयत्न करत होते, आणि कोपराच्या खाली काहीच येत नव्हतं. तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती आणि तिथून हवा फुसफुसत निघत होती.

सलीम मागून हात वर जायची वाट बघत वाजवत होता. हात वर गेल्याशिवाय थांबायचं नाही, हे त्याला दहाव्या वर्षापासून शिकवलेलं. विल्सनचे डोळे मिटलेले. मान मी हलवायची होती. पुण्याचा माणूस उभा राहिला होता. आणि खरं सांगायचं तर ते फार सुंदर वाजत होतं. खालचे सूर नसल्यामुळे गाणं हवेत अधांतरी राहत होतं. मी चार महिने डोकं फोडूनही मला असा शेवट सुचला नसता. मी मनात म्हणालो, एक फेरी. अजून एकच. ती झाली. मी पुन्हा तेच म्हणालो. तीही झाली. मग क्लॅरनेट गुडघ्यावरून घसरून खाली पडली, दादा खुर्चीसकट कलंडले, आणि सलीम तरीही आठ-दहा ठोके वाजवत राहिला.

त्याच टेम्पोत घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. स्टेजच्या मागे त्यांना उचलत असताना तो पुण्याचा माणूस माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला की शेवट अफलातून होता. मी त्याला थँक्यू म्हणालो. शरम वाटते लिहायला, पण म्हणालो. डॉक्टरांनी विचारलं, हात कधी पडला, किती वेळ झाला? मी म्हणालो, खुर्चीवरून पडले तेव्हाच. सलीम बाजूला उभा होता, त्याला काही ठाऊकच नव्हतं. आई संध्याकाळच्या एस.टी.ने आली. तिने मला एकच विचारलं, किती फेऱ्या झाल्या? मी म्हणालो, एक. ती म्हणाली, मग देवाचीच विच्छा, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा वाचले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. कॅसेट निघाली, विल्सन आणि दुसऱ्या पोरांनी काढली; मी गेलो नाही, आणि सगळ्यांना वाटलं बापासाठी पोराने केवढा त्याग केला. गावात माझं नाव झालं. परवा विल्सनचा फोन आला होता, तो आता पुण्यात असतो. म्हणाला, ते गाणं पुन्हा करू, मोबाईलवर लोक जुनी गाणी फार ऐकतात. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

दादांची वाचा दीड-दोन वर्षांनी थोडी फिरली. एक शब्द, मग थांबून दुसरा. मी रोज सकाळी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवायचो, दाढी करायचो, नखं काढायचो. एका सकाळी मी त्यांच्या उजव्या हाताची नखं काढत होतो. तो हात माझ्या मुठीत, त्याला काही कळत नव्हतं. तेव्हा ते बोलायला लागले. त्यांनी ते बरेच दिवस मनात जुळवून ठेवलं असावं.

"खालचे सूर गेल्ते," ते म्हणाले. "तुला कळलं हुतं."

त्यात राग नव्हता. आज या वयात मला वाटतं, त्यात आशा होती. पण तेव्हा मी घाबरलो. आई चुलीपाशी होती, दार उघडं होतं. मी खाली बघूनच म्हणालो, "नाही दादा. मला काहीच कळलं नाही. गर्दी लई होती."

त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"न्हाई कळलं?" ते म्हणाले. "चार सूर गेले आन तुला न्हाई कळलं?" आणि पुन्हा थोडं थांबून, "मग मी शिकवलं काय तुला एवढी वर्सं?"

मी खरं सांगू शकलो असतो. सांगितलं असतं तर त्यांनी मला माफ केलं असतं की नाही, देव जाणे. पण निदान त्यांना एवढं तरी कळलं असतं की त्यांचं शिकवणं वाया गेलं नव्हतं. त्या भर गर्दीत एका माणसाने त्यांचे गेलेले चारही सूर ऐकले होते. मी नखं काढत राहिलो. त्यानंतर ते तीन वर्षं जगले. त्या तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही सुराबद्दल काही विचारलं नाही. भोंगा झाला तरी नाही. आपल्या पोराला कान नाही, असं समजून ते गेले.